रिद्धपूरची बंद पोथी

दर्यापूरकडच्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. विषय ओघाने संतस्त्रियांवर आला आणि आम्ही नेहमीप्रमाणे ठासून सांगितले की, मराठीत काव्य करणारी पहिली स्त्री म्हणजे आदिशक्ती मुक्ताबाई. पंचवीस-तीस वर्षे आम्ही हे सांगत आलो होतो आणि कोणी हटकले नव्हते. आरती झाली, बुक्का लावणे झाले, मंडळी पांगली. एक म्हातारी बाई मागे राहिली होती. हात जोडून म्हणाली, "दंडवत महाराज. कीर्तन लय चांगलं झालं, पन आमच्या महदाइसेले इसरले तुमी."

"कोणती महदाइसा, माय?"

"रिद्धपूरची. राऊळाच्या लग्नाचे धवळे तिनंच तं गायले."

आमचे सारे अध्ययन पाठशाळेतले. लघुकौमुदी, रघुवंश, मग गीता आणि भाष्य, आणि त्यानंतर गुरुमुखाने ज्ञानेश्वरी. रिद्धपूर अमरावतीपासून किती लांब, मोर्शी तालुक्यातले गाव. मोर्शीच्या बाजूला कीर्तनाला जाताना त्याच्या जवळून आम्ही कितीदा गेलो असू. पण तिथे थांबून पाहावे असे कधी मनात आले नाही. येऊ नये अशीच शिकवण होती म्हणा ना. लहानपणी घरात 'मानभाव' हा शब्द कोणाची नालस्ती करायची तरच उच्चारला जाई. आजही मराठीत 'मानभावी' म्हणजे वरून गोड आणि आतून खोटा. एका पंथाचे नाव शिवी होऊन कोशात बसले, आणि तोच शब्द मुळात 'महानुभाव' आहे हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही नसते.

त्या बाईच्या बोलण्यावरून आम्ही शोधाशोध केली, ग्रंथ मिळवून वाचले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो. यात आमची चूक आधी पदरात घेतली आहे, हे ध्यानी असू द्यावे.

रिद्धपूर म्हणजे गोविंदप्रभूंचे गाव. लोक त्यांना गुंडम राऊळ म्हणत. हे पुरुष वेड पांघरून वागत. मुलांत मूल होऊन खेळत, कोणाच्याही घरात शिरून मिळेल ते खात, जात-पात पाहत नसत. आणि गाव त्यांना आई आणि बाप दोन्ही मानी. गुजरातेतून आलेले चक्रधरस्वामी त्यांना येथेच भेटले आणि त्यांनी गोविंदप्रभूंना गुरू केले. पुढे स्वामी महाराष्ट्रभर हिंडले, बोलले, शिष्य मिळवले. स्त्रियांना आणि शूद्रांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला. स्वतः एक अक्षर लिहिले नाही. ते उत्तरापंथे निघून गेल्यावर शिष्यमंडळी नागदेवाचार्यांसह रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेला येऊन राहिली.

त्यांत म्हाइंभट होते. मूळचे मोठे विद्वान आणि विद्येचा ताठा असलेले. स्वामींशी वाद करायला आले आणि शरण गेले. (आमच्यासारख्या शास्त्र्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.) स्वामींच्या वियोगात या म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्यास आरंभ केला. ज्याला ज्याला स्वामी भेटले त्याच्याकडे पायी जावे, काय घडले, कोठे घडले, स्वामी नेमके काय बोलले हे विचारावे, आणि रिद्धपुरास परत येऊन वाजेश्वरीच्या देवळात बसून लिहावे. लिहिलेले नागदेवाचार्यांना दाखवून तपासून घ्यावे. असा हा 'लीळाचरित्र' ग्रंथ शके १२००, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झाला. माउलींची ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९०. लीळाचरित्र लिहिले जात होते तेव्हा आमच्या मुक्ताबाई पाळण्यात असतील. मराठी गद्यातला हा आद्य चरित्रग्रंथ आपल्या वऱ्हाडात, मोर्शी तालुक्यातल्या एका देवळात लिहिला गेला, आणि वऱ्हाडातल्या आम्हा कीर्तनकारांना त्याचा पत्ता नसावा!

पत्ता नसण्याला कारण आहे, आणि तेच या लेखाचे मुख्य प्रकरण आहे.

मूळ पोथी फार दिवस टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, देवगिरीचे राज्य मोडले, त्या धामधुमीत म्हाइंभटांच्या हातची पोथी नाहीशी झाली. मग ज्यांनी ती ऐकली होती त्यांनी स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा नावाच्या बाईंचे नाव पंथात आदराने घेतले जाते. त्या एकपाठी होत्या, एकदा ऐकलेले विसरत नसत अशी ख्याती. असे निरनिराळ्या लोकांच्या स्मरणातून निरनिराळे पाठ तयार झाले आणि ते पुढे चालले.

एकदा हरवलेले धन पुन्हा मिळाले की माणूस पेटीला दोन कुलपे लावतो. तसेच झाले. सह्याद्रिवर्णनाचे कर्ते रवळोबास यांनी त्याच चौदाव्या शतकात 'सकळा' नावाची सांकेतिक लिपी काढली असे पंथाची परंपरा सांगते. अक्षरे आपली देवनागरीच, पण एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे. कसे ते कळावे म्हणून एक उदाहरण देतो. हे आमच्या मनचे आहे, सकळा लिपीचे नव्हे. समजा, आपण ठरवले की 'व'च्या जागी 'म' लिहायचा, 'ठ'च्या जागी 'क' आणि 'ल'च्या जागी 'न'. तर 'विठ्ठल' हे नाव कागदावर 'मिक्कन' असे उमटेल. ज्याला खूण ठाऊक तो विठ्ठल वाचील, इतरांना ती बडबड वाटेल. सगळी पोथीच अशी लिहिली तर? सकळेशिवाय सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखीही लिप्या पंथात निघाल्या. शेकडो पोथ्या अशा लिहिल्या गेल्या आणि मठांत राहिल्या. पंथ पुढे पंजाबापर्यंत गेला, तिकडे त्याला जयकृष्णी म्हणतात. पोथ्याही बरोबर गेल्या. तिकडल्या मठांत मराठी पोथ्यांच्या नकला होत राहिल्या आणि इथे शेजारच्या घरातल्या माणसाला त्यांतले अक्षर लागत नव्हते.

लपवण्याचे हेतू दोन सांगतात. परचक्रात ग्रंथ जाऊ नये हा एक, आणि अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये हा दुसरा. हेतू काहीही असो, परिणाम मात्र वाईट झाला. जे दिसत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलतात. वैदिक कर्मकांड न मानणारा, देवळातल्या देवतांना न भजणारा, काळी वस्त्रे नेसणारा पंथ, आणि त्यात ग्रंथ झाकलेले. मग काय विचारता! आमच्या संप्रदायातही त्यांची टवाळी झाली, ते आम्ही नाकारीत नाही. त्यांनीही आमच्या दैवताला मान दिला नाही. दोन्ही घरची भिंत मिळून सहाशे वर्षे उंच होत गेली.

ही भिंत फोडली ती इतिहाससंशोधकांनी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी इ. स. १९१० च्या सुमारास सकळा लिपीची किल्ली प्रसिद्ध केली. या गोष्टीचे नवल नीट ओळखावे. १८३७ साली प्रिन्सेपने अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ती वाचू शकणारा एकही माणूस जगात उरला नव्हता. सकळेचे तसे नव्हते. ती वाचणारे महंत आपल्या गावोगाव जिवंत होते, पोथ्या रोज वाचीत होते. फक्त सांगत नव्हते. येथे एका घरातले दुसऱ्या घराला कळावयाचे होते, एवढेच! त्याच काळात काही महंतांनीही मन मोठे करून अभ्यासकांना पोथ्या दाखवल्या, हेही सांगितले पाहिजे; नाही तर सगळे श्रेय कुलूप उघडणाऱ्याचे होते आणि सहाशे वर्षे पोथी सांभाळणारा बाजूला राहतो.

पुढे वि. ल. भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'च्या १९१९ च्या आवृत्तीत या वाङ्मयाला जागा दिली. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी १९२५ साली 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ लिहून एवढे मोठे भांडार आहे तरी काय ते लोकांना दाखवले. नागपूरच्या हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्र छापून काढले. आणि मलकापूरकडचे डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी तर उभा जन्म यात घातला. पाहा, बहुतेक मंडळी आपल्या इकडचीच.

राजवाड्यांविषयी एक गोष्ट वारकऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. सकळेची किल्ली देणारे हेच राजवाडे, आणि बीडकडच्या पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापणारेही हेच. नाथमहाराजांनी शुद्ध करण्यापूर्वीची ज्ञानेश्वरी कशी होती, हा त्यांचा शोध होता. एकाच माणसाच्या हातून एक-दोन वर्षांत दोन्ही घरांची दारे उघडावीत, हा योग आम्हाला साधा वाटत नाही.

आता विचार करा. ग्रंथ सांभाळण्याच्या दोन रीती आपल्या महाराष्ट्रात झाल्या. आपली रीत उघड्या दारची. ज्ञानेश्वरी गावोगाव वाचली गेली, नकलल्या गेली, शेतकऱ्याच्या ओट्यावर आणि पारावर बसली. त्यामुळे ती घराघरांत जगली. पण नकलणाऱ्याने आपल्या काळची भाषा तीत घातली, कोणी आपली ओवी घातली. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, नाथमहाराजांना प्रती जमवून ती शुद्ध करावी लागली. त्यांची रीत झाकल्या पेटीची. त्यांच्या पोथ्या थोड्या हातांत राहिल्या, त्यामुळे जुनी भाषा पुष्कळशी तशीच राहिली. पण ती सहाशे वर्षे कोणाच्या उपयोगी पडली नाही, आणि धनी बदनाम झाला. आमचे मत उघड्या दाराकडेच आहे. पण त्या झाकल्या पेटीने आमच्या माउलींची भाषा समजायला जी मदत केली ती उघड्या दाराने झाली नसती, हे कबूल करावे लागते.

कशी ते सांगतो. लीळाचरित्रात जेवणाला 'आरोगणा' म्हटले आहे, रात्रीच्या जेवणाला 'व्याळी', निजण्याला 'पहुड', आणि स्वामी निघाले किंवा आले तर 'बीजें केलें'. यांतले 'आरोगणे' आणि 'पहुडणे' हे शब्द आपण देवाच्या नैवेद्याला आणि शेजारतीला अजून वापरतो. आम्ही समजत होतो की हे देवापुरते राखलेले शब्द. लीळाचरित्र वाचल्यावर कळते की, त्या काळी थोर पुरुषाच्या साध्या जेवण्या-निजण्याविषयीही लोक असेच बोलत. पांडुरंगाला आपण आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याच्या भाषेत जेवू घालीत आलो आहोत. हे कळल्यापासून शेजारती म्हणताना आमचा कंठ वेगळा लागतो.

आणि संस्कृताभिमानी पंडितांनी वाचावा असा एक प्रसंग 'स्मृतिस्थळा'त आहे. केशोबास हे पंथातले संस्कृतज्ञ. त्यांनी संस्कृतात 'रत्नमालास्तोत्र' रचले. पण पुढे असे संस्कृतात रचणे चालू ठेवू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. अशाने माझ्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, असा त्यांचा आशय होता. कोणी संस्कृतात प्रश्न केला तर ते म्हणत, स्वामींनी आम्हाला मराठीत सांगितले, तुम्हीही मराठीत पुसा. आमची विद्या संस्कृतातली, तरी पोट आणि परमार्थ दोन्ही मराठीवर चालले आहेत. हा प्रसंग वाचून आम्ही कीर्तनातली आमची समासांची लांबण थोडी कमी केली. सगळी सुटली नाही, हे वाचकांना दिसतच आहे.

'स्थानपोथी' नावाचा आणखी एक विलक्षण ग्रंथ त्यांच्याकडे आहे. स्वामी कोठे बसले, कोठे निजले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, जवळ काय होते, याची नोंद. त्यांतली कित्येक देवळे आज उरली नाहीत. पण त्या काळच्या गावाचा नकाशा पोथीत उरला. भक्ताला आपल्या देवाचे पाऊल जिथे पडले ती जागा जपायची होती. इतिहासकाराला त्यात गाव सापडले.

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण एक कडू घोट आहे. लीळाचरित्रात आपल्या पंढरीच्या विठोबाविषयीही एक हकीकत आली आहे: गाईंसाठी झालेल्या झुंजीत पडलेल्या एका वीराचे ते स्मारक, अशा अर्थाची. आम्ही प्रथम वाचले तेव्हा पोथी मिटून ठेवली. दोन दिवस हात लावला नाही. आमच्या एका स्नेह्यांनी, तेही कीर्तनकारच, सल्ला दिला की रिद्धपूरचे काय सांगायचे ते सांगा, पण हे पान सोडून द्या.

आम्ही ते सोडणार नाही. सहाशे वर्षे पोथी झाकल्याबद्दल ज्यांना नावे ठेवली, त्यांचीच रीत मग आम्ही उचलल्यासारखे होईल. आणि भिण्याचे कारण तरी काय? दुसऱ्या पंथाचे लोक आपल्या दैवताविषयी काय बोलत होते, एवढेच त्या पानावरून सिद्ध होते. पंढरीचा स्वतःचा पुरावा दगडात कोरलेला आहे. तेथील एक शिलालेख शके ११११ चा, म्हणजे इ. स. ११८९ चा, आणि देवळातला प्रसिद्ध चौऱ्यांशीचा लेख इ. स. १२७३ ते १२७७ मधल्या देणग्यांचा, ज्यात यादवांच्या राज्यातले मोठमोठे दाते आहेत. म्हणजे म्हाइंभट रिद्धपुरास ती हकीकत लिहीत होते, जवळपास त्याच वर्षांत पंढरीस भक्तमंडळी देवासाठी द्रव्य वाहत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' या ग्रंथात असल्या सगळ्या कथा मांडून तपासल्या आहेत, ज्याला खोलात जायचे त्याने तो वाचावा. आमचे म्हणाल तर, गाईंसाठी प्राण देणाऱ्या वीराशी आमच्या गोपाळाचे नाव जोडले गेले याचा आम्हाला आता पूर्वीइतका राग येत नाही. मूळ कसेही असो, वारकऱ्याला जो भेटतो तो भेटतोच.

उघडण्याचा त्रास त्यांनाही झाला बरे का. डॉ. कोलते यांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र १९७८ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे निघाले, तेव्हा महानुभाव पंथातल्याच काही मंडळींना त्यातला मजकूर रुचला नाही आणि मोठा वाद उठला. ज्याने आयुष्य वेचले त्याच्यावरच रोष आला. स्वतःच्या घरची पोथी पाहुण्यांसमोर उलगडली की एखादे पान घरच्यालाही टोचते. यात कोणाला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. पाठ अनेक, आणि श्रद्धा त्यांतल्या एकावर बसलेली.

असो. आता रिद्धपूरची दशा पालटली आहे. तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ व्हावे म्हणून २०२३ साली शासनाने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे, म्हणजे जगद्गुरू तुकोबारायांच्या वंशातले. देहूच्या घरातला माणूस रिद्धपूरच्या विद्यापीठाचा आराखडा करतो, हे आमच्या आजोबांना सांगितले असते तर त्यांनी खरे मानले नसते. विद्यापीठ आता सुरू झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या पुराव्यांतही या जुन्या गद्याचे वजन होतेच.

राहिली महदाइसा. ती नागदेवाचार्यांची चुलत बहीण, बालविधवा. लीळाचरित्रात ती सारखे प्रश्न विचारताना दिसते, आणि स्वामी कधी कंटाळत नाहीत, उलट तिच्या जिज्ञासेचे कौतुक करतात. रिद्धपुरास गोविंदप्रभूंना एकदा लहर आली की आपले लग्न व्हावे. भक्तांनी तोही सोहळा मांडला. लग्नात वरपक्षाची गाणी हवीत, म्हणून महदाइसेने धवळे रचून म्हटले. गोविंदप्रभूंचे देहावसान इ. स. १२८७ च्या सुमाराचे. धवळ्यांचा हा प्रसंग अर्थातच त्याच्या आधीचा. मुक्ताबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या आतबाहेर. तेव्हा म्हातारीचे म्हणणे सोळा आणे खरे होते.

आणि धवळ्यांचा विषय कोणता? रुक्मिणीस्वयंवर! म्हणजे आपल्या कौंडण्यपूरच्या लेकीचे लग्न. रिद्धपूर आणि वर्धेकाठचे कौंडण्यपूर दोन्ही एकाच अमरावती जिल्ह्यात. नाथमहाराजांनी काशीस बसून शके १४९३ मध्ये, इ. स. १५७१ साली, 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. उपवर मुलींकडून आपण त्याची पारायणे करून घेतो. त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी रुक्मिणीच्या माहेरच्या मुलखात एक विधवा बाई तेच लग्न गात होती, आणि तिचे गाणे पेटीत राहिले. दर आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस निघते. वऱ्हाडातले वारकरी तिच्याबरोबर चालतात, आम्हीही चाललो आहोत. वाटेत मुक्कामी बायका फुगड्या घालतात, गाणी म्हणतात. त्यांत धवळे मात्र कधी ऐकले नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात त्याच गावी पुन्हा कीर्तनाचा योग आला. रुक्मिणीस्वयंवर लावले आणि उत्तररंगात महदाइसेचे नाव घेतले, ती कोण, कोठली, हे सारे सांगितले. म्हातारी आली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले की गुडघे धरले आहेत, देवळापर्यंत चालवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर ऊन खात बसली होती. म्हणाली, "नातवानं सांगतलं मले, काल तुमी नाव घेतलं म्हनून." मग सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि तिच्या आईकडून पाठ झालेले चार धवळे तिने आम्हाला म्हणून दाखवले. दोन आम्ही उतरून घेतले आहेत. उरलेले दोन घेण्यासाठी पुन्हा जायचे आहे.